आठ तासांचं नेतृत्व

पोस्ट लांब झालीय, आधीच सांगतो. पण सध्या ऍडमिशनचे दिवस आहेत. आपल्या भागातल्या कितीतरी आईबापांच्या हातात मोठमोठ्या शाळांची गुळगुळीत माहितीपत्रकं आहेत. त्यामुळे आत्ताच लिहिलेलं बरं.

ही माहितीपत्रकं मीही चाळतो. शिक्षक आहे, सवय आहे. पूर्वी त्यात दहावीचा निकाल आणि मैदानाचा फोटो असायचा. आता पहिल्याच पानावर असतं, ‘आम्ही उद्याचे नेते घडवतो’. त्याखाली स्टुडंट कौन्सिल, वक्तृत्व, मॉडेल युनायटेड नेशन्स आणि शेवटी ‘समाजासाठी योगदान’. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांमध्ये अकरावी-बारावीला ‘सेवा’ हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, त्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. कल्पना म्हणून यातलं काहीच वाईट नाही. श्रीमंताच्या पोराला समाज कळावा असं कुणाला वाटत असेल तर मी टाळ्याच वाजवेन.

पण या योगदानाच्या दुसऱ्या टोकाला मी उभा असतो. म्हणजे ज्या समाजाला हे योगदान दिलं जातं, त्या समाजात. पुण्याच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिथून काय दिसतं ते सांगतो.

जानेवारी २०२४. प्रजासत्ताक दिनाच्या आधीचा शनिवार, सकाळची शाळा. दोन बस आल्या. आमच्यापासून चार-पाच किलोमीटरवर एक मोठी शाळा आहे, नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. तिथली आठवीची बेचाळीस मुलं उतरली. एकसारखे टीशर्ट, पाठीवर नेतृत्वाबद्दलचं इंग्रजी वाक्य. सोबत तीन शिक्षिका, एक फोटोग्राफर. परवानगीचं पत्र रीतसर आलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

कार्यक्रम तीन तासांचा. त्यांनी आमच्या मुलांना गोष्टी सांगितल्या, खेळ घेतले, खाऊ वाटला. आमची पोरं खूश. शेवटी भिंत रंगवायचं ठरलं होतं. मी तेव्हा दुसरीच्या वर्गात होतो. बाहेर येऊन पाहतो तर दोन हातांच्या ओंजळीत पृथ्वी काढणं चाललेलं. चित्र छान होतं. फक्त ती आमची पाढ्यांची भिंत होती. दिवाळीनंतर सातवीच्या मुलांनी आठ दिवस खपून बे ते वीस पाढे आणि तालुक्याचा नकाशा काढला होता. त्याच्यावर प्रायमर बसून वाळलाही होता. त्यांच्या शिक्षिकेला सांगितलं तेव्हा त्या बाई मनापासून ओशाळल्या. म्हणाल्या, ‘सर, आम्हाला वाटलं जुना रंग आहे.’ कुणाला विचारलं होतं का? तर नाही. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना विचारायचं असतं, ही पायरी त्या दिवसाच्या वेळापत्रकात नव्हतीच.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी घडल्या. या पोस्टचं कारण त्या दोन गोष्टी आहेत.

पहिली. त्यांच्यातली एक मुलगी हात धुवायला नळाकडे गेली आणि परत आली. मला म्हणाली, ‘सर, नळाला पाणी नाहीये.’ म्हटलं, मोटर जळलीय, तीन महिने झाले. ‘मग दुरुस्त का नाही करत?’ मी तिला खरं ते सांगितलं. कागद पंचायत समितीकडे आहे, ते म्हणतात ग्रामपंचायतीने करावं, ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे निधी नाही. तिने वही काढली आणि लिहायला लागली. कुणाकडे अर्ज केला, किती तारखेला, खर्च किती. मग विचारलं, ‘आम्ही यात काही करू शकतो का?’ मी उत्तर द्यायच्या आत बसचा हॉर्न वाजला. बाईंनी हाक मारली. ती गेली.

त्या तीन तासांत नेतृत्वाच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट घडली, ती ही. आणि तिचा फोटो निघाला नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. त्या बेचाळीस मुलांत एक आमच्या वस्तीतला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांत, लॉटरीत नंबर लागून, पहिलीला त्या शाळेत गेलेला. त्याची आई त्याच बाजूच्या सोसायटीत चार घरची कामं करते. बहीण आमच्या शाळेत चौथीत. तो बसमधून उतरला तेव्हा मी ओळखीचं हसलो, तर त्याने मान खाली घातली. चौथीच्या वर्गात त्याची बहीण ‘दादा’ म्हणून उठणार, तेवढ्यात त्याने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. ती बसली. शहाणी पोर, तीन तासांत एकदाही त्याच्याकडे गेली नाही. आपल्याच बहिणीला सगळ्यांबरोबर रांगेत उभं करून त्याने खाऊचा पुडा दिला. फोटोग्राफरने तो फोटो काढला की नाही, मला माहीत नाही.

हे पोरगं कसं आहे ते वस्तीला विचारा. उन्हाळ्यात टँकर आला की रांग तोच लावतो. म्हाताऱ्या बायकांचे हंडे आधी, मग बाकीचे. भांडण झालं तर मोठी माणसंही त्याचं ऐकतात. बारा-तेरा वर्षांचं पोर! त्याच्या शाळेला हे माहीत होतं का? त्या दिवशी त्याला पुढे बोलावून, ‘हे तुझं गाव आहे ना, मग तू सांग इथे काय करायला हवं’ असं कुणी म्हणालं असतं तर? पण त्याने ते लपवलं होतं. लपवावंसं वाटलं, यात मुलाचा दोष काडीचाही नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी माझ्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येक मुलाचं प्रमाणपत्र. त्यावर छापलेलं, नेतृत्व व समाजसेवा, आठ तास. मी म्हटलं, मॅडम, तीनच तास झाले. त्या म्हणाल्या, ‘तयारी आणि प्रवास धरून, सर.’ चार-पाच किलोमीटरचा प्रवास! मी बेचाळीस सह्या केल्या. शाळेचा शिक्काही मारला. म्हणजे पुढे जे काही लिहिणार आहे त्यात मी बाहेरचा न्यायाधीश नाही. त्या आठ तासांवर माझी सही आहे.

आता मूळ मुद्दा. ‘आधी निवडक मुलांना उत्तम शिक्षण द्या, ती मोठी होऊन समाजाला परत देतील’ हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८३५ साली मेकॉलेने मांडला तो हाच. वरच्या थरात ओता, खाली आपोआप पाझरेल. त्यावर सगळ्यात रोखठोक उत्तर आपल्याच पुण्यातून गेलं. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हिशोबच मागितला. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, खर्च होते वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. तो वर्ग शिकला, नोकऱ्यांत बसला. मग त्याने खालच्यांना काय दिलं? स्वतःच्या घरी तरी एखादा वर्ग चालवला का? आणि मागणी काय केली, तर बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, सगळ्यांना. पाझरण्याची वाट बघू नका, थेट मुळाशी पाणी द्या.

आजच्या माहितीपत्रकांतलं ‘उद्याचे नेते’ म्हणजे तोच पाझर, नव्या कागदावर छापलेला. फरक एवढाच की तेव्हा निदान सरकार ओतत होतं. आता आईबाप कर्ज काढून ओततात आणि शाळा म्हणते, बघा, पाझरतंय, हे घ्या प्रमाणपत्र.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही एकाच बाजूने बोलताय. मोठ्या शाळांतून मोठी माणसं निघालीच ना! निघाली. इंग्लंडच्या ईटन शाळेतून वीस पंतप्रधान निघाले. आपल्या डेहराडूनच्या डून स्कूलमधून राजीव गांधी निघाले, मुख्यमंत्री आणि केंद्रीय मंत्रीही निघाले. या शाळा नेते घडवतात यात वाद नाही. पण नेते होणं आणि समाजाला काही मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच शाळेतून देशाचे वीस पंतप्रधान झाले, तर ते त्या शाळेचं कौतुक आहे की त्या देशातल्या बाकीच्या शाळांची कहाणी, हे ज्याने त्याने ठरवावं.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण राजर्षी शाहूंचं. शिकले कुठे? राजकोटच्या राजकुमार कॉलेजात. संस्थानिकांच्या मुलांसाठी इंग्रजांनी काढलेली शाळा, यापेक्षा वरच्या थरातली शाळा कुठली असणार? तिथून निघालेल्या एका राजाने १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शाळेचंच श्रेय ना?

थोडं असेलही. पण त्या कॉलेजात कितीतरी राजपुत्र शिकले. त्यांचं इंग्रजी चांगलं झालं, घोड्यावरची मांड पक्की झाली, पुढे राज्यही केलं असेल. त्यातले शाहू किती झाले? शाहू महाराजांना घडवलं ते नंतरच्या गोष्टींनी. गादीवर आल्यावर दुष्काळ आणि प्लेग पाहिला. आणि वेदोक्त प्रकरणात खुद्द छत्रपतींना, घरातल्या धर्मकार्यात, तुमचा अधिकार खालचा असं सांगितलं गेलं. ज्याच्या हातात सत्ता होती त्याला अपमान म्हणजे काय ते स्वतःच्या अंगावर कळलं. मग त्याने विचार केला की माझी ही गत, तर बाकीच्यांची काय असेल. म्हणजे शाळेने साधनं दिली, पण कळ लागली ती शाळेबाहेर. ही कळ कुठल्याही वेळापत्रकात बसवता येत नाही. पण ती लागूच नये म्हणून भिंती उंच करता येतात, आणि तेच चाललंय.

बरं, नेतृत्व शिकवणाऱ्या शाळा आपल्या मातीत झाल्याच नाहीत का? झाल्या की. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आलेले, टिळक ताजे पदवीधर, मागून आगरकर आले. या मंडळींनी चांगल्या पगाराच्या वाटा सोडून पोटापुरत्या पैशांवर शिकवलं. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. त्या शाळेतल्या मुलांना ‘लीडरशिप’चा वेगळा तास लागत नसणार. शिकवणारा माणूस काय सोडून आलाय आणि कशासाठी आत जाऊन आलाय, हे त्यांना दिसत होतं. आज ज्या शाळेत शिक्षक अकरा महिन्यांच्या करारावर आहेत आणि तोंड उघडलं तर बारावा महिना घरी, तिथली मुलं नेतृत्वाबद्दल काय शिकत असतील? तीही बघत असतातच. मुलं ऐकत नाहीत, बघतात.

अर्थात त्या न्यू इंग्लिश स्कूलच्या बाकांवर तेव्हा कुणाची मुलं बसत होती, हाही प्रश्न आहेच. फुल्यांचं निवेदन त्याच १८८२ सालचं, हा योगायोग मला नेहमी टोचतो. एकाच गावात, एकाच वर्षी, दोन्ही बाजू खऱ्या.

शेजारच्या बाकावर कोण, हा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो भाऊराव पाटलांनी. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली. एकत्र राहायचं, एका पंगतीत जेवायचं, स्वतः राबायचं. तिथे ‘सामाजिक भेट’ कशाला लागेल? समाज शेजारच्या ताटावर बसलेला. खुद्द भाऊरावांची गोष्ट तर आजच्या मुख्याध्यापकांनी भिंतीवर लावावी. कोल्हापुरात विद्यार्थी असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा म्हटलं, ते ऐकलं नाही, आणि राहतं बोर्डिंग सुटलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. म्हणजे पुढे हजारो मुलांना छप्पर देणाऱ्या माणसाच्या नेतृत्वाची पहिली परीक्षा स्वतःच्या वसतिगृहाचा नियम मोडण्यात झाली. आज असं पोर आपल्या शाळेत निघालं तर आपण त्याला बिल्ला देऊ की पालकांना बोलावून घेऊ?

आणि हे जुन्या काळातच शक्य होतं असंही नाही. नवोदय विद्यालयं घ्या. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून ज्या पहिल्या दोन सुरू झाल्या, त्यातली एक आपल्या अमरावती जिल्ह्यातली. निवड कडक, म्हणजे त्याही निवडकांच्याच शाळा. पण किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. लातूरचं पोर हिंदी मुलखात वर्षभर राहतं, तिथलं जेवतं, तिथे आजारी पडतं, तिथे मित्र करतं. यात कितीही त्रुटी काढा, मी काढतो. पण वर्ष आणि तीन तास यातला फरक लक्षात घ्या.

आता पुन्हा आपल्या गावात येऊ. शेजारच्या बाकाचा प्रश्न सोडवायची सोय कायद्याने या मोठ्या शाळांच्या दारातच करून ठेवली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९. खासगी विनाअनुदानित शाळांनी, अल्पसंख्याक संस्था वगळता, प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या परिसरातल्या मुलांना द्यायच्या. समाजाकडे बस करून जायची गरजच नाही, समाज दप्तर घेऊन दारात उभा. नेतृत्व घडवणाऱ्या शाळांना यापेक्षा मोठी संधी कुठली?

आणि काय झालं? खासगी शाळा या तरतुदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २०१२ साली तिथे हरल्या. मग आमच्याकडे ती बस येऊन गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. म्हणजे शहरातल्या बहुतेक मोठ्या शाळा सुटल्याच. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्द केला. ज्या पालकांनी आणि संघटनांनी ही लढाई लढली त्यांच्या पोरांना कुणी नेतृत्वाचं प्रमाणपत्र दिलं नाही.

संस्थाचालकांची बाजूही सांगतो. सरकार या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती वेळेवर करत नाही, हे खरं आहे. त्यासाठी सरकारशी भांडा, मी तुमच्या बाजूने सही करतो. पण सरकारचा राग पहिलीतल्या पोरावर काढायचा नसतो.

आणि आता ती गोष्ट, ज्यावर फार कुणी बोलत नाही. हा कायदा आठवीपर्यंत आहे. नववीपासून फी भरा. आणि या शाळांमध्ये नेतृत्वाचे कार्यक्रम जोरात कधी सुरू होतात? हेड बॉय, हेड गर्ल, हाऊस कॅप्टन, परदेशी दौरा? नववी-दहावीत आणि पुढे. नेतृत्व शिकवायची वेळ येते तेव्हाच कायद्याने धरलेलं बोट सुटतं. वर्गातून नेमकी तीच मुलं निघून जातात, ज्यांच्याबरोबर राहून बाकीच्यांना समाज कळला असता.

तेच झालं. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या त्या मुलाची आई माझ्याकडे आली. हातात नववीच्या फीचा कागद, १ लाख ३५ हजार. म्हणाली, ‘गुरुजी, अर्ज लिहून द्या, हप्ते मागू.’ अर्ज लिहिला. मुलगा आठ वर्षं तिथे शिकलाय, गुण चांगले आहेत, वागणूक चांगली आहे, दहावीपर्यंत सवलत द्यावी. शेवटी हेही लिहिलं की आपल्या शाळेच्या समाजसेवा उपक्रमात तो आमच्या शाळेत आला होता. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. नियमानुसार तरतूद आठवीपर्यंतच आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

बेचाळीस मुलांना समाजसेवेचं प्रमाणपत्र देणाऱ्या शाळेला बेचाळिसातल्या एकाला दोन वर्षं ठेवून घेता आलं नाही.

मुलगा जवळच्या अनुदानित शाळेत गेला. रडून-बिडून झालं, सावरला. आता दहावीला आहे. त्याचं आयुष्य वाया गेलं वगैरे मी म्हणणार नाही, तिथले शिक्षकही चांगले आहेत. तिथे तो बहिणीला सगळ्यांसमोर हाक मारतो, हे मी स्वतः पाहिलंय. नुकसान त्याचं झालंच, पण माझ्या मते जास्त नुकसान त्या एक्केचाळीस मुलांचं झालं. टँकरची रांग कशी लावायची हे जाणणारा एकुलता एक मित्र त्यांनी गमावला, आणि आपण तो गमावला हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

मग करायचं काय? नुसती टीका करून मोकळं होणं मला पटत नाही. मोठ्या शाळांना माझ्या चार साध्या विनंत्या.

एक. पंचवीस टक्क्यांतून आलेल्या प्रत्येक मुलाला तुमच्या शाळेचा शेवटचा वर्ग होईपर्यंत मोफत ठेवा. कायदा सांगतो म्हणून नाही, तुम्ही समाजसेवा करता म्हणून. स्नेहसंमेलनाचा मंडप आणि लाईट जरा कमी करा, बरीचशी सोय त्यातच होईल.

दोन. समाजसेवा शाळेच्या फाटकापासून सुरू करा. सकाळी सव्वासातला तुमच्या दारात जो ट्रॅफिक होतो, त्यात रिक्षावाला आणि भाजीवाली अडकलेली असते. मुलांना सांगा, हा प्रश्न तुम्ही सोडवा, वर्ष घ्या. वर्ग झाडणाऱ्या मावशींना, बसच्या काकांना, वॉचमनला पगार किती आणि तो कधी होतो, हे मुलांना माहीत असू द्या. मुलं प्रश्न विचारतील, तुम्हाला अडचण होईल. नेतृत्व असंच अडचणीचं असतं.

तीन. आमच्याकडे यायचं असेल तर जरूर या, स्वागत आहे. पण आधी विचारा काय हवंय, आणि एकदा येऊन जाऊ नका. चार मुलं या, पण वर्षभर या. एक अर्ज घ्या, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर त्याच्यामागे फिरा. ती मोटर शेवटी कशी सुरू झाली सांगू? आमच्या गावच्या दोन बायका पाच वेळा पंचायत समितीत जाऊन बसल्या, तेव्हा झाली. तुमच्या मुलांना नेतृत्वावर व्याख्यान द्यायला पाहुणे हवे असतील तर त्या दोघींना बोलवा. दिवसाची मजुरी बुडेल तेवढी द्या.

चार. प्रमाणपत्र बंद करा. केलेल्या कामाचा कागद मिळणार नाही म्हटल्यावर जी मुलं तरीही येतील, ती खरी.

आणि पालकांनो, तुम्हालाही. मी कुणाला दोष देत नाही, आपलं पोर चांगल्या शाळेत जावं असं कुणाला वाटत नाही? माझी स्वतःची मुलगी जिल्हा परिषदेत पाचवीपर्यंत शिकली आणि मग शहरातल्या शाळेत गेली, लपवत नाही. पण प्रवेशाच्या मुलाखतीत शाळा आपल्याला दहा प्रश्न विचारते, तेव्हा आपणही एक विचारू. ‘तुमच्याकडे पंचवीस टक्क्यांतून आलेली मुलं नववीत किती आहेत?’ उत्तर आकड्यात मागा. आकडा आला तर त्या शाळेला नेतृत्व म्हणजे काय ते कळतं. हसून विषय बदलला तर माहितीपत्रकाचं पहिलं पान फाडून टाका, बाकीचं ठेवा, मैदान चांगलं असेल.

मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. आठ तासांच्या कागदावर आता सही करणार नाही. तीन तास झाले तर तीनच लिहीन. गेल्या वर्षी एका शाळेला तसं सांगितलं, तर ते दुसऱ्या गावात गेले. जाऊ देत.

आणि ती वही काढून लिहिणारी मुलगी. तिचं नाव विचारायचं राहिलं. आता तीही दहावीत असेल. तिच्या आईबाबांपर्यंत ही पोस्ट पोचली तर तिला एवढंच सांगा, मोटर चालू झाली, नळाला पाणी आहे. आणि तू विचारलं होतंस ना, ‘काही करू शकतो का’, त्याचं उत्तर ‘हो’ असं होतं. बसच्या हॉर्नमुळे द्यायचं राहून गेलं. कधीही ये. पाढ्यांची भिंत पुन्हा काढायची आहे, आणि या वेळी आमची पोरं सांगतील ती कुठे काढायची ते.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देतो. फक्त शाळेचं नाव विचारू नका. तुमच्या जवळच्या मोठ्या शाळेचं नाव घातलं तरी गोष्ट बहुधा तीच निघेल.